मॉडेल इंजिनं मळवायची पद्धत आली कुठून

महागडं नवंकोरं मॉडेल इंजिन आणायचं आणि त्याला हाताने काजळी नि गंज रंगवत बसायचं, याला वेदरिंग म्हणतात. घरच्यांना हा येडेपणा वाटतो, पण ही काजळी खऱ्या रेल्वेवरून आलीये.

मार्कलिन, हॉर्नबी या खेळण्यांच्या कंपन्यांची जुनी इंजिनं म्हणजे पत्र्याची चकचकीत खेळणीच, आणि तसं बघितलं तर 1914 च्या आधी ब्रिटनमधली खरी इंजिनंसुद्धा लखलखायची. इंजिनं ठेवायच्या शेडमध्ये पोरं क्लीनर म्हणून लागायची, तेलकट चिंध्यांनी इंजिन घासायची, मग पुढे कधीतरी फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारा) आणि बऱ्याच वर्षांनी ड्रायव्हर. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यात बऱ्या नोकऱ्या मिळायला लागल्यावर राखेत हात घालायला कोण येणार? त्यात ब्रिटिश रेल्वेच्या 1955 च्या मॉडर्नायझेशन प्लॅनमध्ये वाफेची इंजिनं काढायचंच ठरलं, मग भंगारात जाणारं इंजिन पुसायचं तरी कशाला. हिरवी इंजिनं काळी दिसायला लागली, कित्येकदा कॅबवरचा नंबर तेवढा वाचता यावा म्हणून फडक्याने पुसलेला आणि बाकी सगळी काजळी! ऑगस्ट 1968 मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मेन लाइनवरची वाफ संपली, आणि शेवटच्या वर्षांत प्लॅटफॉर्मवर उभं राहून नंबर टिपणाऱ्या पोरांपैकी अनेकांनी मोठेपणी मॉडेलं केली ती त्याच मळक्या इंजिनांची.

अमेरिकेत हे आधीच चालू झालेलं. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला जॉन अ‍ॅलन म्हणून फोटोग्राफर होता, त्याने 1940 च्या दशकापासून आपल्या लेआउटवर, म्हणजे रूळ-स्टेशनांसकट मांडलेल्या मॉडेल रेल्वेवर, गाड्या, इमारती सगळं वापरून जुनं झालेलं दाखवलं आणि फोटोही स्वतःच असे काढले की लोक नादी लागले. (याच माणसाने शंटिंगला, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायला, इंजिनाऐवजी एमा नावाचा स्टेगोसॉरस, म्हणजे खेळण्यातला डायनोसॉर, ठेवला होता, खरंच.) जानेवारी 1973 मध्ये तो गेला आणि थोड्याच दिवसांत आगीत लेआउटही गेलं, राहिले ते फोटो.

पद्धत आधी खडूची पूड आणि पातळ रंगाचा वॉश, मग हवेच्या दाबाने रंग फवारणारा एअरब्रश आला. पण कुठे काय लावायचं ते खरं इंजिनच सांगतं, बॉयलरवर पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ओघळ, स्मोकबॉक्सवर, म्हणजे पुढच्या धुराच्या पेटीवर, उष्णतेने करपलेला रंग, चाकांजवळ ब्रेकची तपकिरी धूळ. हल्ली बाकमनसारख्या कंपन्या फॅक्टरीतूनच मळवलेली इंजिनं विकतात, ती मला तरी सगळी एकाच दिवशी मळल्यासारखी वाटतात. हाताने करणाऱ्याने त्या वर्षाचा फोटो समोर ठेवावा, नाहीतर 1910 च्या एक्सप्रेसवर 1967 ची काजळी चढते आणि जाणकार लगेच पकडतात.