कुमानो कोदो

जपानमधील प्राचीन तीर्थमार्गांचे जाळे. होन्शू बेटाच्या दक्षिणेकडील 'की' नावाच्या द्वीपकल्पात ते पसरले असून होंगू, हायातामा आणि नाची या तीन मोठ्या देवस्थानांकडे जाते. २००४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

क्योतोचे यात्रेकरू होडीने ओसाकापर्यंत येत आणि तिथून किनाऱ्याने दक्षिणेकडे चालत. तानाबेला नाकाहेची ही मुख्य वाट समुद्राकडे पाठ फिरवून डोंगरात शिरते. ओहेची ही दुसरी वाट मात्र किनाऱ्याकिनाऱ्यानेच जाते. यात्रेचा खरा अर्थ तानाबेच्या या वळणात आहे. कुमानोचे डोंगर मृतात्म्यांचे वसतिस्थान मानले जात. तिथे शिरायचे म्हणजे जिवंतपणीच परलोकात जाऊन, पापक्षालन करून, नव्याने जन्म घेऊन परतायचे. म्हणून ताकीजिरीला नदीत स्नान करूनच लोक पुढच्या चढाला लागत. तिथून होंगू सुमारे ३८ किमी. वाटेवरच्या 'ओजी' नावाच्या छोट्या देवस्थानांत पूजा आणि विसावा होई. फुशिओगामी ओजीपाशी होंगूचे प्रथम दर्शन घडे आणि थकलेले यात्रेकरू तिथेच जमिनीवर माथा टेकत.

होंगूचा देव अमिताभ बुद्धाचेच रूप समजला जाई. शिंतो हा जपानचा मूळ धर्म आणि बौद्ध श्रद्धा इथे एकमेकींत पूर्ण मिसळल्या होत्या. निवृत्त सम्राट गो-शिराकावा याने बाराव्या शतकात तीसहून अधिक वेळा ही यात्रा केली. पण कुमानोचे मोठेपण राजाश्रयापुरते नाही. अनेक पवित्र पर्वतांवर स्त्रियांना बंदी असताना कुमानोने त्यांना सामावून घेतले, उच्चनीच आणि विटाळ न पाहता.

होंगूहून पुढे कुमानो नदीतून होडीने शिंगूच्या हायातामाला, तिथून किनाऱ्याने नाचीला जात. नाचीचा १३३ मीटर उंचीचा धबधबा हेच तिथले मूळ दैवत. परतताना नाची ते कोगुची हा सुमारे १४.५ किमीचा डोंगरी टप्पा सर्वांत खडतर.

होंगूचे मूळ देवस्थान नदीपात्रातल्या ओयुनोहारा बेटावर होते. १८८९ च्या महापुरात त्याची बरीचशी वास्तू वाहून गेली. उरलेली शेजारच्या टेकडीवर हलवली. त्याहून मोठी हानी माणसांनी केली. १९०६ च्या सरकारी आदेशाने छोटी देवस्थाने एकत्र करण्यात आली, कित्येक ओजी मोडले आणि त्यांच्या देवराया तोडल्या गेल्या. तानाबेत राहणारे निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसू याविरुद्ध लढले, तुरुंगातही गेले. त्सुगिझाकुरा ओजीजवळचे प्रचंड 'सुगी' (जपानी देवदार) वृक्ष त्यांच्यामुळेच वाचले.