फॅन क्लच गेलाय की रेडिएटर चोक झालाय? जुना पिकअप तापतो तेव्हा

जुन्या पिकअपचा टेम्परेचरचा काटा वर चढायला लागला की बहुतेक ठिकाणी निदान आधीच ठरलेलं असतं, "रेडिएटर चोक आहे, काढावा लागेल." कधी कधी ते बरोबर पण असतं. पण ज्या गाड्यांमध्ये पंखा इंजिनच्या पुलीवरच बसवलेला आहे आणि मधे तो जाडजूड गोल फॅन क्लच आहे, तिथे रेडिएटर ठणठणीत आणि क्लच मेलेला असं सर्रास होतं. मग थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कुलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बदलून होतो, कुलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी बदलून होतं, रेडिएटर उघडून साफ होऊन येतो आणि गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की पुन्हा तेच.

फॅन क्लच काम कसं करतो ते आधी बघू, कारण पुढच्या सगळ्या टेस्ट त्याच्यावरच आहेत. आत घट्ट सिलिकॉन ऑइल असतं आणि समोरच्या तोंडावर एक छोटी पट्टी किंवा स्प्रिंग असते, दोन धातूंची. रेडिएटरच्या जाळीतून येणारी हवा गरम झाली की ती स्प्रिंग पीळ घेते, आतला व्हॉल्व्ह उघडतो, ऑइल चकत्यांच्या मधे जातं आणि पंखा इंजिनबरोबर जोरात ओढला जातो. थंड असताना तो नुसता आळशासारखा फिरतो म्हणजे इंजिनची ताकद फुकट जात नाही. म्हणजे लक्षात घ्या, क्लचला इंजिन किती तापलंय ते कळतच नाही, त्याला कळते फक्त समोरून येणारी हवा. याचा एक घोळ होतो, तो पुढे सांगतो.

आता फरक. गाडी उभी असताना किंवा रांगत असताना रेडिएटरमधून हवा ओढायला पंख्याशिवाय कोणी नाही. ताशी ८० च्या स्पीडला मात्र समोरून येणारी हवाच एवढी असते की पंखा असून नसून सारखाच. उलट त्या स्पीडला इंजिन भरपूर उष्णता तयार करत असतं आणि ती बाहेर टाकायला रेडिएटरची सगळी जाळी लागते, त्यातल्या बऱ्याच नळ्या गंजाने नि क्षाराने बुजलेल्या असल्या तर पुरत नाही. म्हणून मोटामोटी हिशोब असा, ट्रॅफिकमध्ये तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा खाली येतो तर आधी पंख्याकडे बघा, आणि गावात ठीक पण हायवेवर माल भरून दामटली की काटा हळूहळू चढतच जातो तर आधी रेडिएटरकडे. एसीवाली गाडी असेल तर अजून एक खूण मिळते, क्लच गेलेल्या गाडीत उभं असताना एसी पण कोमट हवा टाकतो आणि गाडी पळायला लागली की परत गार, कारण एसीचा कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी, पण त्याच पंख्याच्या भरवशावर असतो.

पण खरी गोची होते लोड घेऊन दुसऱ्या गियरवर लांब चढ चढताना. तिथे स्पीड कमी म्हणून हवा नाही आणि इंजिनवर ताण म्हणून उष्णता जास्त, म्हणजे दोन्ही आजार एकाच जागी दिसतात आणि नुसता काटा बघून काहीच कळत नाही. तिथे काच खाली करा आणि कान द्या. काटा नेहमीच्या जागेवरून थोडा वर सरकला की चांगला क्लच पकडतो आणि पंख्याचा मोठा घोंघावणारा आवाज येतो, एकदा ऐकला की परत चुकत नाही. आवाज आलाय आणि तरी काटा चढतोच आहे तर पंखा आपलं काम करतोय, दोष बहुतेक रेडिएटरचा. आवाजच आला नाही तर संशय क्लचवर.

संशय म्हणतोय, खात्री नाही, कारण तो घोळ. रेडिएटरची मधली जाळी आतून बुजलेली असेल तर त्या भागात गरम कुलंट पोचतच नाही, म्हणजे क्लचच्या स्प्रिंगवर येणारी हवा गारच राहते आणि चांगला क्लच पण गप्प बसतो. चोक झालेला रेडिएटर असा क्लचच्या नावावर बिल फाडतो. म्हणून नवा क्लच आणण्याआधी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, इंजिन नीट तापवा, बंद करा आणि जाळीवर इकडून तिकडे फिरवा. कुलंट शिरतं त्या बाजूला सगळ्यात गरम आणि निघतं त्या बाजूकडे हळूहळू कमी असं दिसलं पाहिजे. मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर त्या नळ्या बंद आहेत, विषय संपला.

क्लचची हाताने करायची टेस्ट इंजिन बंद करून आणि चावी खिशात ठेवूनच करा. थंड असताना पंखा हाताने ढकला, थोडा अडकत फिरून लगेच थांबला पाहिजे. चार-पाच गरगर चकरा मारत असेल तर आत ऑइल उरलेलं नाही. इंजिन तापलेलं असताना बंद केल्या केल्या परत बघा, आता तो अजून जड लागायला हवा (पाती गरम असतात, ग्लोव्ह घाला). क्लचच्या तोंडावर मधून बाहेरच्या दिशेने तेलकट धुळीचे फराटे दिसले तर सिलिकॉन गळून गेलंय. पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा, चांगलाच खेळ लागला तर बेअरिंग गेलंय, ती गाडी पळवू नका कारण पंखा सुटून सरळ रेडिएटरमध्ये घुसतो. आणि पंख्याभोवतीचा प्लास्टिकचा घेर म्हणजे श्राउड कोणी काढून टाकलाय का ते पण बघा. जुन्या गाड्यांमध्ये तो हमखास गायब असतो आणि मग पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच घुसळत बसतो.

रेडिएटर बाहेरून पण चोक होतो, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत चिखल, किडे, गवताचं बी असं दाबून बसतं की समोरून बघून कळत पण नाही. इंजिनच्या बाजूने पुढे असं हलक्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशर जवळ नेला तर जाळीच्या पातळ पट्ट्या (फिन्स) आडव्या होतात. आतून बुजलेला असेल तर जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर टाकी उघडून साफ करता येतो, प्लास्टिक टाकीचा ॲल्युमिनियमवाला मात्र बदललेलाच बरा, त्याच्यामागे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

हायवेवर तापण्याची अजून दोन कारणं रेडिएटरचं सोंग घेतात. खालचा होस पाईप म्हातारा होऊन मऊ पडला तर जास्त आरपीएमला वॉटर पंपाच्या (कुलंट फिरवणारा पंप) ओढीने तो चपटा होतो, गाडी न्यूट्रलला उभी करून कोणाला तरी रेस द्यायला सांगा आणि लांबूनच त्याच्याकडे बघा, सैल कपडे आणि हात पंख्यापासून दूर. दुसरं म्हणजे वॉटर पंपाची झिजलेली पाती किंवा घसरणारा बेल्ट. आणि सुरू केल्यावर थोड्याच वेळात, कुठेही, कशीही चालवा तापतेच आणि खालचा होस थंडगार, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, त्याचा फॅन क्लच किंवा रेडिएटरशी संबंध नाही.

चढावर काटा लाल पट्ट्याकडे जाऊन अचानक खाली पडला तर खूश होऊ नका, बऱ्याचदा कुलंट एवढं संपलेलं असतं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा थंड दाखवतो. लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा, आणि रेडिएटरचं झाकण पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका, आत दाब असल्यामुळे कुलंट १०० डिग्रीच्या वर जाऊन पण उकळलेलं नसतं, झाकण फिरवलं की तेव्हाच उकळून अंगावर येतं.