आर्क विझणं वेगळं, वायू निवणं वेगळं

ब्रेकर, म्हणजे वीजवाहिनीतला करंट तोडणारा मोठा स्विच, फॉल्ट (शॉर्ट सर्किट) तोडू शकला नाही, की यार्डात (सबस्टेशनच्या आवारात) एकच निदान ऐकू येतं: "आर्क विझला नाही." पुढे चौकशीच्या कागदावरही बहुतेक वेळा तेच उतरतं. या एका वाक्याखाली दोन अगदी वेगळी अपयशं झाकली जातात. पहिल्यात आर्क, म्हणजे सुट्या होणाऱ्या कॉन्टॅक्टांमधला विजेचा झोत, खरोखरच विझत नाही. दुसऱ्यात तो वेळेवर विझतो, पण त्यानं मागे सोडलेला तापलेला वायू ब्रेकरच्या बंद टाकीत नको त्या जागी पोचतो आणि तिथून वीज नवी वाट फोडते. दोन्हीकडे करंट वाहतच राहतो, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. आणि फरक कळायलाच हवा, कारण एकावरचा उपाय दुसऱ्याला बिघडवू शकतो.

कोराडी, खापरखेडा, मौदा ही मोठी औष्णिक केंद्रं नागपूरला लागून आहेत. त्यांच्या भोवतालच्या २२० आणि ४०० केव्हीच्या यार्डांत काम करणारे, टेस्टिंग करणारे आणि व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थांत स्विचगिअर शिकणारे खूप जण या शहरात आहेत. हे लिखाण त्यांच्यासाठी, आणि ब्रेकरच्या आत काय घडतं याचं कुतूहल असलेल्या कुणाहीसाठी.

एसएफ६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) हा रोधक वायू भरलेल्या ब्रेकरमध्ये कॉन्टॅक्ट सुटे होताना त्यांच्यामध्ये आर्क पेटतो. त्याच्या गाभ्याचं तापमान १५ ते २० हजार केल्विनच्या घरात असतं. हा आर्क टेफ्लॉनच्या नॉझलमध्ये (अरुंद गळ्याच्या नळीत) कोंडलेला असतो आणि पफर सिलिंडरमध्ये दाबला गेलेला थंड वायू त्याच्यावर जोरात फुंकला जातो. आपल्याकडे ५० हर्ट्झवर दर १० मिलिसेकंदांनी करंट शून्यातून जातो, तोडण्याची संधी तेवढ्याच क्षणाला मिळते. फुंकलेला वायू आर्कला भिडून तापतो आणि दोन वाटांनी बाहेर पडतो. एक वाट नॉझलच्या पसरट तोंडातून पुढे जाते, दुसरी पोकळ मूव्हिंग कॉन्टॅक्टमधून आणि त्याला जोडलेल्या पोकळ रॉडमधून मागे. या दोन्ही वाटा म्हणजे ब्रेकरचा एक्झॉस्ट. वर्गात नॉझलवर पूर्ण तास खर्ची पडतो आणि एक्झॉस्टची दोन वाक्यांत बोळवण होते. माझ्या मते गल्लतीचं मूळ तिथेच आहे.

पहिल्या अपयशाला थर्मल म्हणतात. करंट शून्याला टेकला तरी नॉझलमध्ये तापलेल्या वायूचा एक बारीक धागा उरतो आणि तो अजून थोडा वीजवाहक असतो. त्याच क्षणी दोन्ही कॉन्टॅक्टांमध्ये व्होल्टेज चढायला लागतं आणि त्या धाग्यातून काही अँपिअरचा पोस्ट-आर्क करंट वाहतो. हा करंट धाग्याला तापवतो, फुंकर त्याला निववते. यातलं कोण वरचढ ठरतं याचा निकाल पहिल्या काही मायक्रोसेकंदांत लागतो. व्होल्टेज अखेरीस किती उंच जाणार याला इथे फारसं महत्त्व नाही, ते किती वेगानं चढतं यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणूनच थर्मल बाजूची खरी परीक्षा शॉर्ट-लाइन फॉल्टमध्ये होते, म्हणजे यार्डापासून एखाद-दोन किलोमीटरवर लाइनवरच झालेल्या फॉल्टमध्ये. लाइनच्या त्या छोट्या तुकड्यात लहरी मागे-पुढे आपटत राहतात आणि ब्रेकरवर अत्यंत उभ्या चढाचं, त्रिकोणी दात्यांचं व्होल्टेज येतं. ५० केएचा (किलोअँपिअरचा) ब्रेकर घ्या. ९० टक्क्यांच्या शॉर्ट-लाइन फॉल्टमध्ये तो ४५ केए तोडतो. शून्याजवळ या करंटचा उतार मायक्रोसेकंदाला सुमारे २० अँपिअर पडतो. लाइनची सर्ज इम्पिडन्स (लहरींना होणारा विरोध) ४५० ओहम धरली की व्होल्टेजचा चढ निघतो मायक्रोसेकंदाला ९ केव्ही. ब्रेकरच्या अगदी टर्मिनलवरच्या पूर्ण ५० केएच्या फॉल्टसाठी ब्रेकरच्या आंतरराष्ट्रीय मानकात हाच चढ मायक्रोसेकंदाला २ केव्ही आहे. करंट कमी, तरी नॉझलची कसोटी साडेचार पट कडक.

दुसरं अपयश डायइलेक्ट्रिक. इथे नॉझलनं आपलं काम चोख केलेलं असतं. धागा निवला, पोस्ट-आर्क करंट संपला, पहिले मायक्रोसेकंद पार पडले. पण व्होल्टेज चढतच असतं. ४२० केव्ही वर्गाच्या ब्रेकरला टर्मिनल फॉल्टच्या पूर्ण क्षमतेच्या चाचणीत ते ६२४ केव्हीच्या शिखरापर्यंत जातं आणि तिथे पोचायला शेकडो मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात आणि त्याच्याही आधीपासून एक्झॉस्टमधून निघालेला तापलेला वायूचा लोट टाकीत पुढे सरकत असतो. जीआयएसमध्ये (वायूभरल्या धातूच्या नळकांड्यांत बंद केलेल्या स्विचगिअरमध्ये) किंवा डेड टँक (अर्थ केलेल्या टाकीच्या) ब्रेकरमध्ये तो जिवंत भाग आणि अर्थ केलेली धातूची भिंत यांच्यामधल्या जागेत शिरतो. पोर्सेलिनच्या लाइव्ह टँक (अर्थ न केलेल्या, लाइनच्या व्होल्टेजवरच असलेल्या) ब्रेकरमध्ये तो इन्सुलेटरच्या आतल्या पृष्ठभागाला चाटत जातो.

वायूची रोधक्षमता त्याच्या घनतेवर ठरते. दाब तोच राहून तापमान ३०० केल्विनवरून १५०० केल्विनवर गेलं, तर घनता एक-पंचमांश उरते. २००० केल्विनच्या आसपास तर एसएफ६चे रेणूच फुटायला लागतात. निवल्यावर त्यातले बहुतेक पुन्हा जुळतात, हा या वायूचा मोठा गुण आहे. पण जुळायला वेळ लागतो आणि व्होल्टेज तेवढं थांबत नाही. डिझाइन करणाऱ्यानं ज्या जागी थंड वायू गृहीत धरला होता तिथे विरळ, तापलेला वायू असला, तर वीज एक्झॉस्टच्या शील्डवरून थेट टाकीच्या भिंतीवर उडी घेते. मग प्रकरण फॉल्ट न तुटण्यापुरतं राहत नाही, ब्रेकरच्या पोटातच अर्थशी नवा फॉल्ट तयार होतो. चूल विझवली म्हणजे घरातला धूर गेला असं होत नाही. त्यासाठी धुराडं लागतं आणि ते योग्य जागी उघडावं लागतं.

खरी अडचण या धुराड्याच्या मापात आहे.

नॉझलमध्ये वायू ध्वनीच्या वेगानं वाहायला हवा. त्यासाठी नॉझलच्या आधीचा दाब पुढच्या दाबापेक्षा पुरेसा जास्त लागतो. समजा वायू नीट निवावा म्हणून एक्झॉस्टच्या वाटेत जाळ्या, भोकांच्या नळ्या, वळणं, आडवे पत्रे घातले. वायू निवतो, थंड वायूत मिसळतो, टाकीच्या भिंतीपाशी पोचेपर्यंत निरुपद्रवी होतो. पण वाट अडल्यामुळे एक्झॉस्टमध्ये दाब साठतो, तो नॉझलपर्यंत मागे येतो, फुंकर मंदावते आणि शॉर्ट-लाइन फॉल्टमध्ये आर्क विझेनासा होतो. उलट वाट मोकळी सोडली तर फुंकर जोरदार, थर्मल बाजू भक्कम, पण तापलेला लोट सरळ भिंतीवर. ब्रेकरचं डिझाइन करणाऱ्यांची मोठी मेहनत या दोन टोकांच्या मधली जागा शोधण्यात जाते. भोकं कुठे, किती, कुठल्या दिशेला, पहिल्या नळीतून बाहेर आलेल्या वायूला दुसऱ्या नळीत किती वळवायचं, मिसळण्यासाठी थंड वायूचं किती आकारमान राखून ठेवायचं, हे सगळं त्यात येतं. नॉझलपेक्षा हे काम कमी दर्जाचं मुळीच नाही.

सेल्फ-ब्लास्ट ब्रेकरमध्ये गुंता आणखी वाढतो. त्यात वायू दाबायला आर्कचीच उष्णता वापरतात, त्यामुळे मेकॅनिझम हलकं चालतं. पण फुंकायला साठवलेला वायू मुळातच कोमट असतो आणि त्यात टेफ्लॉनची वाफ मिसळलेली असते.

आता हे नागपूरच्या नकाशावर ठेवून पाहू. मोठ्या जनरेटरच्या जवळच्या यार्डात फॉल्ट झाला तर करंटमधला डीसी (एकाच दिशेचा) भाग हळू ओसरतो. मानकात त्याचा टाइम कॉन्स्टंट (तो किती वेळात ओसरतो याचं माप) साधारणपणे ४५ मिलिसेकंद धरतात, जनरेटरजवळ तो बराच जास्त असू शकतो. अशा एकांगी करंटचा मोठा लूप (दोन शून्यांमधला फेरा) लांब चालतो, आर्कमध्ये ओतली जाणारी ऊर्जा वाढते आणि एक्झॉस्टमध्ये सगळ्यात जास्त, सगळ्यात तापलेला वायू येतो. गंमत अशी की त्या मोठ्या लूपच्या शेवटी शून्याजवळचा उतार सौम्य असतो, म्हणजे थर्मलदृष्ट्या तेच काम सोपं. वीज केंद्राच्या दारातला फॉल्ट एक्झॉस्टची परीक्षा घेतो आणि लाइनवर दोनेक किलोमीटर पुढचा फॉल्ट नॉझलची. चाचणीच्या अहवालात या दोन परीक्षा अनुक्रमे टी१००ए आणि एल९० या नावांनी वेगळ्या नोंदलेल्या असतात.

नागपुरात हमखास विचारला जाणारा एक प्रश्न इथेच निकाली काढू. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, मानकातली सर्वसाधारण कमाल मर्यादा ४० अंश. मग उन्हाळ्यात ब्रेकरमधला वायू आधीच तापलेला असल्यानं आर्क तोडणं अवघड होतं का? ही दोन तापणी एकसारखी नाहीत. टाकी बंद असते, उन्हानं वायू तापला तरी बाहेर जात नाही, म्हणून दाब वाढतो आणि घनता तीच राहते. २० अंशांना ७ बार निरपेक्ष दाब असलेला वायू ४५ अंशांना सुमारे ७.६ बार दाखवतो, त्याची रोधक्षमता जवळजवळ बदलत नाही. आर्कनं तापलेला वायू मात्र टाकीतल्या टाकीत फुगतो आणि त्या ठिकाणी घनता कोसळते. नागपूरच्या उन्हाचा खरा जाच रोजच्या लोड करंटला होतो, कॉन्टॅक्ट आणि जोड जास्त तापतात. आणखी एक धोका साध्या प्रेशर गेजचा. भर दुपारी वाढलेला दाब गळती झाकून टाकतो. तापमानाची भरपाई करणारा डेन्सिटी मॉनिटर असेल तिथे त्याच्याच आकड्यावर विश्वास ठेवावा.

अपयश कुठलं हे घटनेनंतर ओळखता येतं का? काही प्रमाणात. थर्मल अपयशात करंटला शून्याशी थांबा मिळतच नाही, डायइलेक्ट्रिकमध्ये शून्यानंतर छोटी पोकळी असते आणि मग करंट पुन्हा उसळतो. पण सेकंदाला हजार नमुने घेणाऱ्या डीआरला (डिस्टर्बन्स रेकॉर्डरला) मिलिसेकंदाच्या आतलं काही दिसत नाही, तेव्हा रेकॉर्डवर पोकळी नाही म्हणून थर्मलच, असा निष्कर्ष काढू नये. मानकात शून्यानंतर ५ मिलिसेकंदांच्या आत करंट परतला तर री-इग्निशन आणि नंतर परतला तर रीस्ट्राइक म्हणतात. ही विभागणी फक्त वेळेची आहे. री-इग्निशन थर्मलही असू शकतं आणि डायइलेक्ट्रिकही.

टाकी उघडल्यावरच्या खुणा जास्त बोलक्या असतात. जळ नॉझल आणि आर्किंग कॉन्टॅक्टांपुरती असेल तर संशय नॉझलवर. एक्झॉस्टच्या तोंडाजवळ शील्डवर वितळल्याची खूण आणि समोर टाकीच्या भिंतीवर तिची जोडी सापडली, तर संशय गरम वायूवर. वायूच्या तपासणीत एसओ२ सापडला, याचा अर्थ आत आर्क झाला इतकाच. दोन्ही प्रकारांत तो सापडतो. आतली पांढरी भुकटी विषारी असते, ती हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

हा भेद येत्या काळात आणखी महत्त्वाचा होईल. एसएफ६ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार पटींहून जास्त असल्यानं त्याला पर्याय येत आहेत. त्यांतल्या एका प्रमुख पर्यायात कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन आणि थोडं फ्लुरोनायट्राइल असं मिश्रण असतं. एसएफ६ २००० केल्विनच्या आसपास फुटताना बरीच उष्णता गिळतो. कार्बन डायऑक्साइड त्याहून बऱ्याच चढ्या तापमानाला फुटतो, त्यामुळे त्याचा एक्झॉस्ट जास्त गरम राहतो. फ्लुरोनायट्राइल तर एकदा आर्कमध्ये फुटलं की परत जुळत नाही. म्हणजे जुन्या ब्रेकरचं नॉझल आणि टाकी तशीच ठेवून नुसता वायू बदलणं चालणार नाही, एक्झॉस्ट नव्यानं आखावा लागेल. असा ब्रेकर विकत घेताना अहवालात एल९० पास झाल्याचं पान पाहून थांबू नका. टी१००एचं पान उघडा, डीसी टाइम कॉन्स्टंट किती धरला होता ते पाहा आणि तो आपल्या यार्डाच्या आकड्याशी ताडून घ्या.