वापरलेली रिमोट चावी दुसऱ्या गाडीला जोडण्यापूर्वी

तुमच्या चावीसारखाच दिसणारा जुना रिमोट स्वस्तात मिळाला, तरी तो तुमच्या गाडीला चालेलच असं नाही. कव्हर आणि बटणं तंतोतंत सारखी असूनही आतला माल वेगळा निघतो. म्हणून आमची विनंती आहे, आधी तपासा आणि मगच विकत घ्या.

चावी एक दिसली तरी तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. धातूचं पातं कुलूप फिरवतं. रिमोटचं सर्किट दारं उघडतं-बंद करतं आणि त्याला सेल लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे इमोबिलायझरची, म्हणजे ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची, चिप. हिला सेल लागत नाही. इग्निशनजवळच्या कॉइलमधून, साधारण १२५ किंवा १३४ किलोहर्ट्झवर, तिला वीज मिळते, ती गाडीला आपली ओळख पटवते आणि मगच इंजिन चालू राहतं. बटणाने दार उघडतं पण इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं, अशा वेळी संशय आधी या चिपवर घ्यायचा.

घडीच्या चावीचं कव्हर घरी बदललं असेल तर जुनं कव्हर टाकून देऊ नका. अनेक चाव्यांत ही चिप सर्किटवर नसते. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी किंवा काळी पाचर प्लास्टिकच्या खोबणीत बसवलेली असते. ती तिथेच राहून जाते आणि नव्या कव्हरातली चावी गाडी ओळखत नाही.

जुनी चावी नवी गाडी का स्वीकारत नाही

चावी पहिल्यांदा गाडीला शिकवली, म्हणजे जोडली, जाते तेव्हा गाडी चिपमध्ये आपली गुप्त संख्या लिहिते, आणि बऱ्याच प्रकारांत ती जागा तिथल्या तिथे लॉक करते. दुसऱ्या गाडीला मग तिथे काही लिहिता येत नाही. चावी पुन्हा कोरी करावी लागते, याला आमच्या धंद्यात 'रिन्यू' करणं म्हणतात. सेल काढून, कव्हर उघडून, सर्किटवरच्या ठरावीक बिंदूंना बारीक तारा सोल्डर करतात आणि चिपची मेमरी मूळ स्थितीत आणतात. पीसीएफ ७९४१, ७९४५, ७९५२, ७९५३ या चिपच्या अनेक चाव्यांत हे जमतं. सर्किट राळेत बुडवलेलं असेल तर ती खरवडताना सर्किटवरच्या वीज वाहणाऱ्या बारीक पट्ट्या तुटण्याचा धोका असतो, तो आम्ही आधीच सांगतो. चिप वेगळी बसवलेली असेल तर ती काढून नवी कोरी घालणं जास्त खात्रीचं. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत चिपवर ब्रँडची खूणही लिहिलेली असते. तिथे ऑडीची चावी स्कोडाला देऊन उपयोग नाही.

विकत घेण्याआधी पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. फ्रीक्वेन्सीही पाहा. ३१५ मेगाहर्ट्झचा रिमोट ४३३.९२ च्या गाडीला कधीच ऐकू जाणार नाही. कव्हर बदललेलं असू शकतं, म्हणून कव्हरवरच्या आकड्यापेक्षा सर्किटवर छापलेला नंबर खरा धरा. विक्रेता चावी 'अनलॉक केलेली', म्हणजे पुन्हा कोरी केलेली, म्हणत असेल तर जोडण्याआधी चिप वाचून खात्री करून घ्या. पातं मात्र जुनं चालत नाही, कोरं घेऊन तुमच्या कुलपाप्रमाणे कापावं लागतं.

जोडणीच्या दिवशी

गाडी आणि तिच्या सगळ्या चाव्या आणा. अनेक गाड्यांत नवी चावी शिकवताना जुनी यादी पुसली जाते आणि त्या वेळी समोर असलेल्या चाव्याच पुन्हा नोंदल्या जातात. घरी राहिलेली चावी त्यानंतर इंजिन सुरू करत नाही. काम ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे गाडीला तपासणीचं यंत्र जोडायच्या सॉकेटमधून, होतं, आणि बऱ्याच गाड्यांत सुरक्षेचा गुप्त पिन क्रमांकही लागतो. इग्निशन बराच वेळ चालू राहत असल्याने आम्ही बॅटरीला बाहेरून स्थिर पुरवठा देतो. लिहिणं चालू असताना व्होल्टेज कोसळलं तर गाडीचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल अर्धवट अवस्थेत अडकू शकतं.

गाडीचं नोंदणीपत्र आणि मालकाचं ओळखपत्र पाहिल्याशिवाय आम्ही कोणतीही चावी जोडत नाही. ओळखीचा ग्राहक असला तरी नाही.

जोडून झाल्यावर तुमच्यासमोर तपासणी होते. बटणं लांबून दाबून पाहतो. स्मार्ट चावी असेल तर सेल काढून ती स्टार्ट बटणाला किंवा गाडीत तिच्यासाठी दिलेल्या जागी टेकवून इंजिन सुरू करतो. बटणं चालतात पण खिशात चावी असून दार उघडत नाही, तर सर्किटवरची छोटी चौकोनी कॉइल पाहतो. चावी पडली की तिचे सोल्डरचे जोड तडकतात, आणि वापरलेल्या चावीत हा दोष बराच आढळतो.

चावी हरवली असेल तर तिची नोंद त्याच वेळी पुसून घ्या. पुसल्यावर त्या चावीने इंजिन सुरू होणार नाही, पण तिचं पातं दाराचं कुलूप तरीही उघडेल. ते नको असेल तर कुलपाचा बॅरल, म्हणजे चावी घालायचा आतला भाग, बदलावा लागतो.