फॉरमॅट मारण्याआधी: कोपऱ्यातलं नोटिफिकेशन आणि खरं ॲडवेअर

इंदूरच्या रामबागेतल्या काकांचा फोन आला तो नेमका पोह्यांच्या वेळेला. "अगं, लॅपटॉपला व्हायरस लागलाय. एक नाही, सतरा. खाली उजवीकडे लाल अक्षरांत येतंय, दर दोन मिनिटांनी. दुकानात दाखवला, तर तो म्हणतो, 'अंकल, पूरा फॉर्मेट मारना पड़ेगा, 700 लगेंगे.' मारू देऊ का?"

म्हटलं, काका, हात लावू देऊ नका, मी येते. फॉरमॅट मारला की सगळं पुसलं जातं, आणि त्या लॅपटॉपवर काकूंच्या भिशीचा हिशोब, नातवाच्या मुंजीचे फोटो आणि काकांनी तीन वर्षं खपून टाइप केलेली घराण्याची वंशावळ होती. यातल्या कशाचीच दुसरी प्रत नव्हती.

जाऊन पाहिलं तर व्हायरस एकही नव्हता. ॲडवेअरसुद्धा, म्हणजे जाहिराती दाखवायला कॉम्प्युटरमध्ये घुसलेला प्रोग्रामसुद्धा, नव्हता. काकांनी कधीतरी एका वेबसाइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिली होती, एवढंच. दोन मिनिटांत काम झालं आणि उरलेला तास पोहे, शेव आणि जिरावणात गेला.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींनी बोलावलं. त्यांच्याही कॉम्प्युटरवर जाहिरातींचा पाऊस. मी काकांकडच्या विजयाच्या धुंदीत, नोटिफिकेशन्स बंद केली, हात झटकले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी जाहिराती जशाच्या तशा. तिथे खरोखरचं ॲडवेअर बसलेलं होतं आणि मी भलत्याच रोगाचं औषध देऊन आले होते.

इंदुरात ओला कचरा कुठला आणि सुका कुठला हे आता शेंबडं पोरही सांगतं. कॉम्प्युटरवरच्या जाहिरातींच्या बाबतीत मात्र आपण सगळं एकाच डब्यात टाकतो आणि डब्यावर 'व्हायरस' अशी चिठ्ठी लावतो.

आधी काकांचं प्रकरण. वेबसाइटनं ब्राउझरमार्फत नोटिफिकेशन पाठवायची ही सोय क्रोममध्ये 2015 साली आली, फायरफॉक्समध्ये 2016 च्या सुरुवातीला. हेतू चांगला होता: बातमी, मेल, मॅचचा स्कोअर, साइट उघडी नसली तरी कळावा. तुम्ही 'अलाउ' दाबलंत की ब्राउझरच्या पोटात त्या साइटचा एक छोटासा कारकून बसतो. साइटनं निरोप धाडला की तो उठतो, कोपऱ्यात कार्ड दाखवतो आणि पुन्हा झोपतो. टॅब बंद असला तरी त्याला फरक पडत नाही. क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंडमध्ये चालू राहण्याची सेटिंग चालू असेल, तर कार्डं येतच राहतात. त्यामुळे माणसाला वाटतं, हे वेबसाइटचं काम नाही, हे कॉम्प्युटरच्या आतून येतंय.

ती परवानगी काकांकडून कशी काढून घेतली तेही पाहिलं. ते जुनी नाट्यपदं डाउनलोड करायला गेले होते. साइटवर मोठा बाण आणि मजकूर: आपण रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी 'अलाउ' दाबा. काकांनी आयुष्यभर सरकारी कार्यालयात लोकांकडून कागद सिद्ध करून घेतले; त्यांनी लगेच सिद्ध केलं. एक लक्षात ठेवा, रोबो नसल्याची खरी तपासणी नोटिफिकेशनची परवानगी कधीच मागत नाही. 'व्हिडिओ बघायला अलाउ दाबा' हीसुद्धा तीच थाप.

मग पहिल्या दिवशी बक्षीस, दुसऱ्या दिवशी 'तुमच्या अँटीव्हायरसची मुदत संपली', तिसऱ्या दिवशी सतरा व्हायरस. आकडा लक्षात घ्या. एखादी वेबसाइट तुमच्या हार्ड डिस्कमधले व्हायरस मोजूच शकत नाही, ब्राउझर तिला तिथवर पोचू देत नाही. ते सतरा म्हणजे कागदावर छापलेलं चित्र. काकांनी नामांकित अँटीव्हायरसनं दोनदा स्कॅन केला, काही सापडलं नाही. सापडणार काय, फाइलच नव्हती. त्यांनी हिस्ट्री तीनदा पुसली, त्यानंही काही झालं नाही, कारण हिस्ट्री पुसल्यानं ही परवानगी जात नाही.

उपाय असा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स. खाली परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी असते. काकांकडे अकरा होत्या, त्यातल्या नऊंची नावं म्हणजे मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी अक्षरं. प्रत्येकीसमोरच्या तीन टिंबांवर जाऊन 'ब्लॉक'. 'रिमूव्ह' केलं तर ती साइट पुन्हा विचारू शकते, म्हणून ब्लॉक बरं. आणि इथे एक खाच आहे: त्याच पानावर वर 'साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' असा पर्याय असतो. तो निवडला की लोक खूश होतात. पण आधीच यादीत बसलेल्यांना तो लागू होत नाही, त्यांना एकेक करून उठवावंच लागतं. दोन्ही करा. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही जवळपास हीच रचना आहे. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसीच्या पानावर परवानग्यांच्या भागात नवीन विनंत्या सरसकट अडवायची खूण आहे.

आता वहिनींचं प्रकरण, ते जरा खोल आहे.

मुलाच्या फॉर्मसाठी त्यांना दोन पीडीएफ जोडायच्या होत्या. शोधल्यावर सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. वर आलं होतं कारण ती पैसे भरून लावलेली जाहिरात होती. प्रोग्राम उतरवला, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. पीडीएफ जोडल्या गेल्या, हे मान्य करायला हवं. पण सोबत तीन पाहुणे आले: एक 'सर्च सहायक', एक कूपन दाखवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला चिकटणारा छोटा प्रोग्राम) आणि एक कसलासा अपडेटर. इन्स्टॉल करताना 'एक्सप्रेस' आणि 'कस्टम' असे दोन रस्ते असतात, त्यातल्या एक्सप्रेसमध्ये या पाहुण्यांच्या चौकोनात आधीच टिक केलेली असते. म्हणजे कायद्याच्या भाषेत तुम्हीच होकार दिलेला असतो. ॲडवेअर बनवणारे याच टिकच्या आडोशानं जगतात, आणि बऱ्याच अँटीव्हायरस कंपन्या त्याला सरळ व्हायरस न म्हणता 'नकोसा असू शकणारा प्रोग्राम' असं बुळबुळीत नाव देतात ते याचसाठी.

काकांकडे जाहिरात कोपऱ्यातल्या कार्डात होती. वहिनींकडे ती पानाच्या आत होती. बातमीतल्या साध्या शब्दांखाली दुहेरी रेघ, बोट लावलं की खरेदीची खिडकी. सर्च करावं तर भलतंच इंजिन उघडायचं. होमपेज बदललेलं. हा फरक आधी बघायला हवा होता, मी बघितला नाही. कार्ड असेल तर त्यावर कुठेतरी बारीक अक्षरांत साइटचा पत्ता असतोच; पानाच्या आत घुसलेल्या जाहिरातीवर असा पत्ता नसतो.

पण कित्येक साइट्सवर मुळातच जाहिराती खचाखच असतात, मग पानाच्या आतली जाहिरात साइटची की आपल्या मशीनची हे कसं ओळखायचं? माझी आवडती युक्ती: मराठी विकिपीडिया उघडा. विकिपीडियावर व्यापारी जाहिराती नसतात, फार तर देणगीची पट्टी असते. तिथे बुटांची जाहिरात दिसली तर ती तुमच्या कॉम्प्युटरनं किंवा मध्ये बसलेल्या कुणीतरी घातलेली आहे. 2012 साली विकिमीडिया फाउंडेशननं स्वतःच लोकांना हे सांगितलं होतं. वहिनींकडे 'राजवाडा' शोधून लेख उघडला आणि त्यात थेट कर्जाची जाहिरात. खटला तिथेच निकाली.

त्यानंतर क्रोमची गेस्ट खिडकी उघडायची. तिच्यात एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. तिथे जाहिरात गेली तर दोषी एक्स्टेन्शन. गेली नाही आणि दुसऱ्या ब्राउझरमध्येही दिसली, तर पाहुणा ब्राउझरमध्ये नाही, विंडोजमध्ये आहे. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर जोडल्यावर गेली तर मात्र राउटर तपासा. हे क्वचित होतं.

एक्स्टेन्शनबद्दल थोडं थांबते, कारण लोक 'मी काही इन्स्टॉलच केलं नाही' म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात. चांगलं एक्स्टेन्शनही मागाहून बिघडतं. नको ते टॅब झोपवून मेमरी वाचवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' हे वीस लाखांहून जास्त लोक वापरत होते. 2020 मध्ये मूळ कर्त्यानं ते दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलनं ते मालवेअर ठरवून सगळ्यांच्या ब्राउझरमधून बंद केलं. वाडा तोच, मालक बदलला. आणि नवाकोरा लॅपटॉपही निर्धास्त नसतो: 2014-15 मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपांत कारखान्यातूनच 'सुपरफिश' नावाचं ॲडवेअर यायचं. सर्चच्या पानात जाहिराती घालता याव्यात म्हणून ते विंडोजमध्ये स्वतःचं सुरक्षा प्रमाणपत्र बसवायचं, म्हणजे कुलूप दिसणाऱ्या पानांतही त्याला डोकावता यायचं. वर त्याची किल्ली सगळ्या लॅपटॉपांत एकच. फेब्रुवारी 2015 मध्ये ते उघडकीला आलं आणि कंपनीला ते काढण्याचं साधन द्यावं लागलं. ॲडवेअर म्हणजे 'फक्त जाहिराती' असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं.

वहिनींकडची सफाई दुपारभर चालली. आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल झालेल्या ॲप्सची यादी तारखेनुसार लावली. पीडीएफवाल्या दिवशीचे प्रोग्राम एका रांगेत सापडले, ते काढले. मग एक्स्टेन्शन्सचं पान. कूपनवाल्यासमोर 'रिमूव्ह'चं बटणच नाही! मेनूच्या तळाशी ओळ: तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो. वहिनी म्हणाल्या, "कुठली संस्था? आमचं महिला मंडळ?"

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ही ओळ रास्त असते. घरच्या मशीनवर ती दिसली तर बहुतेक वेळा ॲडवेअरनं विंडोजच्या रजिस्ट्रीत (म्हणजे सेटिंग्जच्या आतल्या वहीत) क्रोमसाठी एक 'धोरण' लिहून ठेवलेलं असतं की हे एक्स्टेन्शन सक्तीचं आहे, काढायचं नाही. (काही अँटीव्हायरसही असं धोरण लिहितात, म्हणून आधी क्रोमचं पॉलिसीचं पान उघडून नाव वाचा.) रजिस्ट्रीत हातानं खुडबुड करण्यापेक्षा मी ॲडवक्लीनर हे ॲडवेअर शोधून काढणारं साधन चालवलं. ते फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि 2016 पासून मालवेअरबाइट्सकडे आहे. फक्त ते उतरवताना कर्त्याच्याच साइटवर जा. सर्चमधला पहिला निकाल दाबून वहिनी कुठे पोचल्या ते आत्ताच सांगितलं.

तरीही होमपेज परत परत बदलत होतं. शेवटी डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. 'टार्गेट'च्या ओळीत क्रोमच्या फाइलचं नाव संपल्यावर पुढे त्या भलत्या सर्च इंजिनाचा पत्ता चिकटवलेला. क्रोम बिचारा प्रत्येक वेळी आज्ञा पाळत होता. ती शेपटी कापली. प्रॉक्सीची, म्हणजे इंटरनेट दुसऱ्याच कॉम्प्युटरमार्फत वळवण्याची, सेटिंग बघितली, ती ठीक होती. मग क्रोमच्या सेटिंग्ज मूळ स्थितीला रीसेट. यात बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत, एवढं त्यांना दोनदा सांगावं लागलं.

आणि हे सगळं करून दुसऱ्या दिवशी एक एक्स्टेन्शन पुन्हा हजर! वहिनींच्या मुलाच्या लॅपटॉपवर त्यांचंच गूगल खातं चालू होतं, सिंकिंगनं ते तिकडून परत आलं. दोन्हीकडून काढलं तेव्हा संपलं.

टाळायचं कसं, याला मी फार शब्द घालवत नाही. कस्टम निवडा, टिक काढा, प्रोग्राम कर्त्याच्या साइटवरून घ्या. विंडोज सिक्युरिटीत ॲप अँड ब्राउझर कंट्रोलच्या पानावर नकोशा ॲप्सना अडवायची सोय 2020 पासून आहे, ती चालू आहे ना बघा. कार्डावर क्लिक करू नका, ते फुल्ली मारून बंद करा; काकांच्या रोगातून वहिनींचा रोग लागतो तो याच क्लिकनं, कारण कार्डाच्या मागे बहुधा काहीतरी उतरवायचं बटण असतं किंवा 'कंपनीच्या इंजिनिअरचा' फोन नंबर असतो. त्या नंबरावर फोन करून पैसे दिलेच असतील तर लगेच 1930 लावा, ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

फॉरमॅटला माझा विरोध नाही. कधी कधी तेच शहाणपणाचं असतं. पण काकांनी 700 रुपये देऊन, वंशावळ घालवून फॉरमॅट मारला असता, मग गूगल खात्यात लॉगिन करून पुन्हा त्याच नाट्यपदांच्या साइटवर गेले असते, आणि बाण तिथे होताच.

परवा काकांचा परत फोन. लॅपटॉप शांत आहे, पण आता मोबाइलवर सतरा व्हायरस आहेत. म्हटलं, काका, मोबाइलवरही क्रोम, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. पलीकडून थोडा वेळ फक्त स्क्रीनवर बोट टेकल्याचा आवाज. मग म्हणाले, "इथे तर चौदा आहेत गं. आणि एक पंचांगाचं आहे, ते ठेवू का?"