आकाशातले धक्के मोजायची सुरुवात

मे महिन्यात इंदूरहून पुण्याला विमानाने निघालं की बिजासन टेकडी मागे पडते न पडते तोच विमान हलायला लागतं. हे धक्के तापलेल्या माळव्यावरून उठणाऱ्या गरम हवेचे. खरी अडचण त्याच्या कितीतरी वर, निरभ्र आकाशात बसणाऱ्या धक्क्यांची. तिथे ढगच नाहीत, त्यामुळे विमानाच्या हवामान-रडारवर काही उमटत नाही. मोजायचं तर विमानच त्यात घालावं लागतं.

१९५६ साली अमेरिकेच्या 'नाका' (आजच्या 'नासा'ची पूर्वसुरी) या संस्थेने जाहीर केलं, की आपलं यू-२ विमान उंचावरच्या हवेचा अभ्यास करणार. मुख्य काम अर्थातच हेरगिरीचं. १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघाने एक यू-२ पाडलं, तेव्हाही 'हवामानाचं विमान भरकटलं' हीच थाप मारली गेली आणि वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत सापडल्यावर ती उघडी पडली. गंमत म्हणजे थाप अगदीच पोकळ नव्हती. काही यू-२ विमानांत वेग, उंची आणि हिसके टिपणारं यंत्र खरंच होतं, त्याच्या नोंदी १९५७ मध्ये छापूनही आल्या.

पण हिसका विमानाचा, हवेचा नव्हे. त्याच झोतात जड विमान कमी हलतं, हलकं जास्त. म्हणून १९६०च्या दशकातल्या 'हायकॅट' मोहिमेत यू-२च्या नाकापुढे दांडा काढून येणाऱ्या हवेची दिशा टिपली, आतल्या उपकरणांनी विमानाची स्वतःची हालचाल नोंदली, आणि पहिल्यातून दुसरी वजा केली. उरली ती हवा. ही उड्डाणं ४५ ते ७० हजार फुटांवरची होती.

डोंगरांजवळच्या धक्क्यांचा धसका मात्र त्याहून खालच्या उंचीवरच बसला होता. जानेवारी १९६४ मध्ये धक्क्यांचा विमानाच्या सांगाड्यावर होणारा परिणाम तपासायला मोजयंत्रं लावून निघालेल्या बी-५२ या बॉम्बफेकी विमानाचं उभं शेपूट कोलोरॅडोच्या डोंगरांजवळ जवळजवळ मुळापासून उडालं. बोइंगचे वैमानिक चक फिशर यांनी ते तसंच कित्येक तास उडवत नेऊन आर्कान्सामध्ये उतरवलं. दोन वर्षांनी जपानच्या फुजी पर्वताजवळ बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं प्रवासी विमान हवेतच फुटलं, १२४ माणसं गेली.

आता प्रवासी विमानंही स्वतःच्या नोंदींवरून 'ईडीआर', म्हणजे हवेतली खळबळ किती जोराची ते सांगणारा आकडा काढतात. तो हवेचा असतो, त्यामुळे लहान-मोठ्या विमानांच्या नोंदी एकमेकांशी ताडता येतात. मात्र प्रवासी वैमानिक खराब पट्टा टाळूनच जाणार, आणि ते योग्यच. त्या पट्ट्यात मुद्दाम शिरायला संशोधन विमानच लागतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सिएरा नेवाडाच्या पर्वतलहरींत, म्हणजे डोंगर ओलांडताना वाऱ्यात उठणाऱ्या लाटांत, गल्फस्ट्रीम-५ हे संशोधन विमान नेलं ते त्यासाठीच.