संध्याकाळची रोझरी आपल्या घरात आली कुठून

वसईत आमच्या गावात संध्याकाळी चर्चची घंटा झाली की आजी टीव्ही बंद करायची, मग कोणाची सिरीयल अर्धी राहो नाहीतर मॅचची शेवटची ओव्हर असो, सगळे घरातल्या वेदीसमोर रोझरीसाठी गुडघ्यावर. लहानपणी मला वाटायचं हा नियम आजीनेच काढलाय. मोठी झाल्यावर वाचायला लागले तेव्हा कळलं की तो आजीच्या आजीच्याही फार आधीचा आहे.

१५३४ ला गुजरातच्या बहादूरशाहने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन असे कॅथलिक धर्मगुरूंचे संघ सगळे आले, किल्ल्यात त्यांच्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. यातल्या डॉमिनिकनांची खास भक्ती म्हणजे रोझरी, माळेचे मणी मोजत मरियामातेला करायची प्रार्थना. पोप पायस पाचवे यांनी १५६९ ला तिचं रूप ठरवून दिलं. तेव्हाच्या पूर्ण रोझरीत 'नमो मरिया' ही प्रार्थना दीडशे वेळा, कारण बायबलमधली स्तोत्रं दीडशे. ज्याला स्तोत्रं वाचता येत नाहीत त्याने मणी मोजत प्रार्थना करायची, एवढी साधी सोय. आता विचार करा, दिवसभर वाडीत पाणी लावणाऱ्या, केळीचे लोंगर उचलणाऱ्या माणसाला पोथी कुठली वाचता येणार, पण माळ हातात धरता येते आणि पोरांनाही ऐकून ऐकून पाठ होते.

भाषेचं मात्र वेगळंच. चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिनमध्ये, लोकांना त्यातलं कळायचं थोडंच. पण याच किनाऱ्यावर खाली गोव्यात १५७९ ला आलेले फादर थॉमस स्टीफन्स, मूळचे इंग्रज, त्यांनी मराठी शिकून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ ला छापलं गेलं. म्हणजे येशूची गोष्ट ओवीत, आपल्या लोकांच्या कानाला सवयीच्या चालीत. मला हे फार मोठं वाटतं.

मग १७३९. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्च ओस पडली. आधार देणारी सत्ताच गेल्यावर श्रद्धा टिकायचं तसं काही कारण नव्हतं, तरी ती टिकली, आणि माझं स्पष्ट मत आहे की ती घरांनी टिकवली, विशेषतः घरातल्या बायांनी, ज्यांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत.

दक्षिण कोकणातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, जरी ती कॅथलिक घरातली नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले कवी नारायण वामन टिळक, त्यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती झाले, आणि घर फुटलं, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या, पण नवऱ्यासाठी म्हणून लगेच ख्रिस्ती नाही झाल्या. आधी जातीचा भेद माणसाने केलाय देवाने नाही हे त्यांना स्वतःला पटलं, कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या, आणि १९०० ला बाप्तिस्मा घेतला. आधी मन बदललं मग विधी, हा क्रम मला नेहमी आठवतो.

चर्चमध्ये मराठी आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, जगभरच्या कॅथलिक बिशपांची ही सभा भरली १९६२ ते ६५. त्याच परिषदेने १९६४ च्या दस्तऐवजात कुटुंबाला जणू घरातलं चर्च म्हटलं आणि पोप पॉल सहावे यांनी १९७४ ला कुटुंबाने एकत्र रोझरी म्हणण्यावर खास जोर दिला. आमच्या आजीला यातलं काही माहीत नव्हतं. पण बाबा आणि काका बांधावरून भांडले, दोन महिने बोलत नव्हते, तरी एकाच घरात असल्यामुळे रोझरीला दोघे हजर, तेव्हा 'स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना चालू असताना 'जशी आम्हीही क्षमा केली आहे' या ओळीवर आजी थांबली. नुसती थांबली, पुढे म्हणेचना. आम्ही पोरं एकमेकांकडे बघतोय. शेवटी काकांनी ती ओळ म्हटली, मग बाबांनी, आवाज बसलेला. बांधाचा वाद सुटायला पुढे वर्ष गेलं, पण प्रार्थना संपल्यावर मोठ्यांचे आशीर्वाद घेताना बाबा काकांपुढे वाकले ते त्याच रात्री.

२००२ च्या ऑक्टोबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीत प्रकाशाची पाच नवी रहस्यं घातली, म्हणजे माळ म्हणताना मनात आणायचे येशूच्या आयुष्यातले प्रसंग, गुरुवारी म्हणायचे. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे. मला कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून द्यायला लावलं, बाप्तिस्मा, काना गावातलं लग्न, राज्याची घोषणा, रूपांतर, प्रभूभोजन, आणि ते वेदीखाली दोऱ्याने टांगलं. तीन-चार गुरुवार बघून म्हणाली, नंतर कॅलेंडर काढून टाकलं.